बालगीतांचें सोवळें

लहान मुलांचीं गाणीं हा थोरांच्या भांडणाचा विषय व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. ज्या ओळींना धड अर्थ नाहीं, ज्यांचा कर्ता कोण हें कोणास ठाऊक नाहीं, आणि ज्यांची धांव आईच्या मांडीपासून शाळेच्या अंगणापर्यंतच असावयाची, त्या ओळींवरून वर्तमानपत्रांनीं रकानेच्या रकाने भरावे, न्यायालयांत दावे उभे राहावे आणि एखाद्या देशाच्या पंतप्रधानाला खुलासे करावे लागावे, हें नवलच होय. परंतु गेल्या चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत असें वारंवार घडलें आहे. या वादाला तिकडे ‘पोलिटिकल करेक्टनेस’ असें नांव पडलें. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावयाचा तर ‘शब्दांचें सोवळें’ असें म्हणतां येईल. अमुक शब्दाला शिवूं नये, तमुक सोंग काढूं नये, कारण त्यानें कोणाचा तरी अपमान होतो. जुन्याचे अभिमानी म्हणतात, हें सोवळें म्हणजे निव्वळ ढोंग. आजीनें गाइलेलें गाणें जसेंच्या तसें नातवाच्या कानीं पडलें पाहिजे. सुधारक म्हणतात, आजीनें गाइला म्हणून अपमानाचें आशीर्वचन होत नाहीं. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात, आणि दोघांच्या आवेशाखालीं गाणें मात्र चेंगरून जातें. म्हणून आवेश बाजूस ठेवून प्रत्यक्ष काय घडलें तें आधीं पाहणें बरें.

या वादाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण एका काळ्या मेंढीचें आहे. ‘बा बा ब्लॅक शीप’ हें इंग्रजी बालगीत मुंबई-पुण्याच्या शाळांतूनहि इतकें पाठ झालेलें आहे कीं, त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लोकर आहे काय, असें कोणी मेंढीला विचारतो. तीन पोतीं भरून आहे, असें ती सांगते. आणि एक धन्याला, एक धनिणीला व एक गल्लींतल्या पोराला अशी तिची वांटणी होते. कथा एवढीच. १९८६ च्या फेब्रुवारींत लंडनच्या वर्तमानपत्रांतून बातमी झळकली कीं, हॅक्नी भागांतील एका बालवाडींत हें गाणें बंद करण्यांत आलें आहे, कारण ‘काळी’ या शब्दानें काळ्या लोकांचा अवमान होतो. हां हां म्हणतां बातमीला पाय फुटले. बालवाडीची गोष्ट नगरपालिकेची झाली; एका पालिकेची गोष्ट शेजारच्या दुसरीच्या नांवावर चढली. पुढें जेम्स करन, आयव्हर गेबर व ज्युलियन पेट्ली या अभ्यासकांनीं अशा बातम्यांचा माग काढला व २००५ सालीं तो ग्रंथरूपानें मांडला. ती बालवाडी पालिकेची नव्हती, पालकांनीं चालविलेली होती. आणि गाणें बंद करण्याचा हुकूम पालिकेनें काढलेलाच नव्हता. परंतु खुलासा पायीं चालतो आणि अफवा घोड्यावरून जाते. न निघालेल्या त्या हुकुमाची गोष्ट आजहि विलायतेंत खरी म्हणून सांगितली जाते.

वीस वर्षांनीं, २००६ सालीं, तोच प्रकार पुन्हा झाला. ऑक्सफर्डशायर परगण्यांतील एका धर्मादाय संस्थेच्या बालकेंद्रांत काळ्या मेंढीऐवजीं इंद्रधनुषी मेंढी गाइली जाते, असें प्रसिद्ध झालें व देशभर हंसें झालें. संस्थेनें सांगितलें कीं, यांत वर्णाचा कांहींएक संबंध नाहीं. मुलांना नवीं विशेषणें यावींत म्हणून मेंढी कधीं आनंदी होते, कधीं दुःखी, कधीं उड्या मारणारी, कधीं गुलाबी तर कधीं निळी. मुलें गाण्यांतले शब्द बदलून खेळतात, हें ज्यानें मुलें पाहिलीं आहेत त्याला सांगावयास नको. पण वर्तमानपत्रांना त्या खेळांत कटाचा वास आला.

आतां जुन्याच्या अभिमान्यांना एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. जें गाणें जसेंच्या तसें राखावयाचें, तें मूळचें कसें होतें? अठराव्या शतकांतील छापील संग्रह पाहिले तर या गाण्याच्या शेवटाचे दोन पाठ आढळतात. एकांत गल्लींतल्या पोराला त्याचें पोतें मिळतें. ‘मदर गूसेस मेलडी’ या नांवाच्या संग्रहांत मात्र तें पोर गल्लींत रडत उभें आहे, आणि धनी व धनीण यांचा वांटा निघाल्यावर त्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. आज हा दुसरा पाठ विद्वानांच्या टीपांत उरला आहे. जगांत जेथें जेथें हें गाणें म्हटलें जातें, तेथें तेथें त्या पोराला लोकर मिळते. हा निवाडा कोणत्या समितीनें केला? कोणत्या पालिकेनें हुकूम काढला? कोणींच नाहीं. मांडीवरच्या मुलाला रडणाऱ्या पोराचें रिकामें हात दाखविणें गाणाऱ्यांना रुचलें नसावें. त्यांनीं दोन पाठांतला एक उचलला आणि दुसरा खालीं ठेवला. गाण्यांत निवड झाली, दोनशे वर्षें होत राहिली, आणि तिच्याविरुद्ध एकहि पत्र कोणी संपादकाला लिहिलें नाहीं.

काळेपणाचीहि थोडी चौकशी केली पाहिजे. या गाण्याचा गुलामांच्या व्यापाराशीं संबंध होता, असें अधूनमधून सांगण्यांत येतें. त्याला पुरावा नाहीं. ‘कळपांतील काळी मेंढी’ म्हणजे कुळाला बट्टा, हा इंग्रजी वाक्प्रचार मात्र खरा जुना आहे, आणि त्याचें मूळ रंगाऱ्याच्या हौदांत आहे. पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढतो, काळीवर चढत नाहीं. म्हणून बाजारांत काळ्या लोकरीला भाव कमी. निंदेचें कारण एवढेंच. महाराष्ट्राच्या पठारावर हा हिशेब उलटा होतो. येथील दख्खनी मेंढरें बहुतेक काळीं. त्यांच्या लोकरीला रंग लागतच नाहीं, आणि तिची घोंगडी धनगराच्या खांद्यावर पाऊस, थंडी व अंथरूण या तिन्ही कामीं येते. सोलापूर-सांगलीकडील धनगराला ‘कळपांतील काळी मेंढी’ ही शिवी म्हणून सांगितली तर त्याला ती कळावयाची नाहीं. सारांश, शब्दाची निंदा शब्दाच्या पोटांत नसते. ती वापरणाऱ्याच्या हातांत असते.

आणि वापरणाऱ्याच्या हातून ती कशी लागते, याचा दाखला मुंबईंत जन्मलेल्या एका मुलानेंच देऊन ठेवला आहे. रुड्यार्ड किप्लिंग हा १८६५ सालीं मुंबईंत जन्मला. त्याचे वडील येथील जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिक्षक होते. १८७१ मध्यें, वयाला पुरीं सहा वर्षें झालीं नाहींत तोंच, त्याला व त्याच्या धाकट्या बहिणीला विलायतेंत साउथसी येथें परक्या कुटुंबांत ठेवण्यांत आलें. पांच वर्षांहून अधिक काळ त्या घरांत त्याचा जो छळ झाला, त्यावर त्यानें १८८८ सालीं गोष्ट लिहिली आणि तिला नांव दिलें ‘बा बा, ब्लॅक शीप’. गोष्टींतला मुलगा मुंबईहून, आयेच्या कुशींतून उचलून नेलेला आहे. घराची मालकीण त्याचें नांव टाकून त्याला ‘काळी मेंढी’ म्हणूं लागते, आणि हळूंहळूं तें मूल स्वतःलाहि तसेंच समजूं लागतें. किप्लिंगच्या मृत्यूनंतर १९३७ मध्यें निघालेल्या आत्मवृत्तांत त्यानें खरी हकीगत सांगितली आहे कीं, एकदां मार देऊन, पाठीवर ‘लबाड’ असा फलक लावून त्याला गांवांतून शाळेंत पाठविण्यांत आलें. किप्लिंग गोऱ्या वर्णाचा होता. त्याच्या बाबतींत त्या शब्दाचा कातडीशीं संबंध नव्हता. तरीहि बालगीतांतला एक निरुपद्रवी शब्द सहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर दगडासारखा फेकतां येतो, हें त्यानें दाखविलें. शब्द तोच, गाणाऱ्या आईच्या तोंडीं तो लोकर होतो आणि छळणाऱ्याच्या तोंडीं दगड होतो.

बालगीतें धुऊन काढण्याचा उद्योग आजचा आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सेरा ट्रिमर ही धर्मशील विदुषी ‘गार्डियन ऑफ एज्युकेशन’ या आपल्या नियतकालिकांतून सिंड्रेलाच्या कथेवर ताशेरे झाडीत होती. रशियांत १ फेब्रुवारी १९२८ च्या ‘प्रावदा’त लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिनें कॉर्नेय चुकोव्हस्कीच्या मगरीवरील बालकाव्यावर हल्ला केला, तिच्या तक्रारींपैकीं एक अशी कीं, या काव्यांतून मुलाला मगरीच्या जीवनाची कांहींच माहिती होत नाहीं. १९५२ सालीं जेफ्री हँडली-टेलर या इंग्रज गृहस्थानें दोनशे बालगीतांची झडती घेतली आणि निम्म्या गीतांतून निघालेल्या मुद्देमालाची यादीच प्रसिद्ध केली: खुनाचे उल्लेख आठ, गळा कोंडून मृत्यु दोन, शिरच्छेद एक. पोलीसपाटलालाहि इतका पंचनामा सुचला नसता. धर्म, क्रांति, आरोग्य, नीति, यांपैकीं ज्याच्या हातीं जें मोजमाप असेल तें घेऊन तो पाळण्याजवळ येऊन उभा राहतो.

या सर्वांत गमतीची फजिती झाली ती अमेरिकेच्या सॅम्युअल ग्रिसवोल्ड गुडरिच याची. हा १७९३ सालीं जन्मला, आणि १८२७ पासून ‘पीटर पार्ली’ या टोपणनांवानें मुलांसाठीं उपयुक्त माहितीचीं पुस्तकें लिहून त्यानें अमाप कीर्ति मिळविली. लहानपणीं लांडगा व तांबड्या टोपीची मुलगी ही कथा वाचून तो हादरला होता. तेव्हांपासून परीकथा आणि बालगीतें यांचा त्यानें उभा दावा धरला. असलीं निरर्थक गाणीं कोणताहि पोरगा बसल्या बैठकींत करील, हें सिद्ध करण्यासाठीं १८४६ सालीं त्यानें स्वतःच एक गाणें रचून दाखविलें. त्यांत कुत्रा फरशी पुसण्याचा कुंचा खाऊन टाकतो, डुकराची घाई होते आणि मांजराची तारांबळ उडते. उद्देश इतकाच कीं, लोकांनीं वाचावें आणि बालगीतांचा नाद सोडावा. झालें तें निराळें. मुलांनीं गाणें उचललें. गुडरिचचीं उपयुक्त पुस्तकें आज ग्रंथालयाच्या तळघरांत पडून आहेत. आणि त्याचें तें थट्टेचें गाणें इंग्रजी बालगीतांच्या संग्रहांत मानानें बसलें आहे. १९६७ सालीं मॉरिस सेंडाकनें आपल्या एका पुस्तकाला त्याचेंच नांव दिलें. कोणतें गाणें जगावें याचा निर्णय अखेर कोण करतो, हें यावरून ध्यानीं येईल.

या बाबतींत चार्ल्स डिकन्सचें उदाहरण विशेष उद्बोधक आहे, कारण त्याच्या एकट्याच्या चरित्रांत वादाच्या दोन्ही बाजू सांपडतात. जॉर्ज क्रुकशँक हा नामांकित चित्रकार. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चीं चित्रें त्यानेंच काढलीं होतीं. पुढें तो मद्यनिषेधाचा कट्टर प्रचारक झाला, आणि १८५३ पासून त्यानें जुन्या परीकथा आपल्या मताला अनुकूल करून पुन्हा लिहावयास घेतल्या. त्याच्या सिंड्रेलेंत तर लग्नाच्या वेळीं परी राजाला दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देते व शहरांतील दारूची होळी होते. क्रुकशँकचा पहिला भाग पाहून डिकन्सला राहवेना. १ ऑक्टोबर १८५३ च्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्यें ‘फ्रॉड्स ऑन द फेअरीज’ हा लेख लिहून त्यानें या प्रकाराची भंबेरी उडविली. त्याचा मुद्दा साधा होता. आपल्या आवडत्या मताच्या प्रचारासाठीं जो जुनी कथा बदलतो, तो जें आपलें नाहीं तें आपलें म्हणून घेतो; आणि एकानें मद्यनिषेध घातला तर दुसरा आपला पंथ घालील, तिसरा आपलें अर्थशास्त्र घालील, व कथा कोठें होती हेंच कळेनासें होईल.

हा झाला एक डिकन्स. दुसरा डिकन्स दहा वर्षांनीं दिसतो. १८६३ सालीं एलायझा डेव्हिस या यहुदी बाईनें त्याला पत्र लिहिलें. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्यें पोरांना चोरी शिकविणारा फॅगिन याला पानोपानीं ‘यहुदी, यहुदी’ म्हणून हिणविलें आहे. त्यायोगें सबंध समाजावर मोठा अन्याय होतो, अशी तिची तक्रार होती. डिकन्सनें प्रथम आपला बचाव केला. परंतु तिचें गाऱ्हाणें त्याच्या मनांत घर करून राहिलें. त्याच्या पुढच्या कादंबरींत एक सज्जन यहुदी पात्र आलें. आणि १८६७ च्या आवृत्तींत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धांतून त्यानें स्वतःच्या हातानें तो शब्द ठिकठिकाणीं काढून ‘फॅगिन’ हें नांव घातलें. ज्यानें परीकथेंतल्या एका मद्यनिषेधावरून रान उठविलें, त्यानेंच आपलें गाजलेलें पुस्तक एका वाचक बाईच्या पत्रावरून बदललें. यांत विसंगति आहे काय? वरवर पाहतां आहे, विचारांतीं नाहीं. क्रुकशँकनें कथा बदलली ती एका मतासाठीं. सिंड्रेलेच्या मेजवानींतील दारूनें दुखावलेलें कोणी माणूस त्याच्या दाराशीं आलें नव्हतें. डिकन्सनें पुस्तक बदललें तें एका माणसासाठीं. त्या माणसानें समोर येऊन ‘हें मला लागतें’ असें सांगितलें होतें. या वादांतील खरी सीमारेषा जुनें आणि नवें यांच्यामध्यें नसून येथें आहे.

ही रेषा हातीं धरली म्हणजे अवघड प्रकरणेंहि उलगडूं लागतात. राज्य कोणावर, हें ठरवितांना मुलें गोल करून उभीं राहतात, एकजण गाणें म्हणत प्रत्येकाच्या छातीला बोट लावीत जातो आणि शेवटचा शब्द ज्याच्यावर येईल तो सुटतो किंवा त्याच्यावर राज्य येतें. मराठी मुलें हें करतात, तशींच अमेरिकन मुलेंहि करतात. तिकडच्या सर्वांत लोकप्रिय मोजणी-गीतांत कोणाला तरी पायाच्या बोटाशीं धरून पकडावयाचें असतें. आणि हा ‘कोणीतरी’ म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काळा माणूस असे, त्याच्यासाठीं वापरावयाची शिवीच गाण्यांत असे. १८८८ सालीं हेन्री कॅरिंग्टन बोल्टननें मुलांच्या मोजणी-गीतांचा जो संग्रह केला, त्यांत अमेरिकन मुलांमध्यें हाच पाठ सर्वांत अधिक चालतो, अशी नोंद आहे. त्या गोलांत एखादें काळें मूल उभें असेल, आणि बोट फिरत फिरत त्याच्यापर्यंत येईल, तेव्हां त्या मुलाच्या मनांत काय होत असेल, हें समजावयास समाजशास्त्राची गरज नाहीं. विसाव्या शतकांत तो शब्द जाऊन तेथें वाघ आला. गाण्याचा ताल ढळला नाहीं, खेळ थांबला नाहीं. वाघाची शेपूट धरण्यापेक्षां बोट धरण्यांत मुलांना अधिकच मौज वाटली असेल.

तरीहि जुनी जखम किती खोल असते, हें दाखविणारी एक घटना आहे. २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील एका विमानांत प्रवाशांनीं लवकर बसावें म्हणून एका तरुण परिचारिकेनें त्या गाण्याच्या तालावर विनोदानें दोन शब्द उच्चारले. उभ्या असलेल्या प्रवाशांत दोन काळ्या बहिणी होत्या. शिवी नव्हती, फक्त चाल होती. पण त्यांच्या कानांना गाळलेला शब्द ऐकूं आला. त्यांनीं दावा लावला. त्या गाण्याचा जुना पाठ आपण कधीं ऐकलाच नव्हता, असें परिचारिकेनें सांगितलें. आणि जानेवारी २००४ मध्यें ज्यूरीनें निकाल विमान-कंपनीच्या बाजूनें दिला. येथें खोटें कोणीच बोलत नव्हतें. मुलीनें जें गाणें ऐकलें तें धुतलेलें होतें; बहिणींनीं जें ऐकलें होतें तें न धुतलेलें. पाठ बदलला म्हणजे पुढची पिढी निर्दोष होते, मागच्या पिढीची आठवण मात्र पुसली जात नाहीं.

नेदरलँड्समधील प्रकरण याहून मोठें, कारण तेथें एक शब्द किंवा एक गाणें नव्हे, सबंध सण वादांत सांपडला. दरवर्षीं नोव्हेंबरच्या मध्यावर सिंटरक्लास हा पांढऱ्या दाढीचा संत स्पेनहून आगबोटीनें येतो, असा तेथें रिवाज आहे. ५ डिसेंबरच्या संध्याकाळीं मुलांना भेटी मिळतात. त्याच्याबरोबर त्याचा नोकर असतो. १८५० सालीं ॲमस्टरडॅमचा एक शिक्षक यान शेंकमान यानें संत व त्याचा नोकर यांच्यावर सचित्र पुस्तक काढलें, त्यांत हा नोकर काळा माणूस होता. पुढें त्याला ‘काळा पीट’ असें नांव रूढ झालें. गोरीं माणसें तोंडाला काळें फांसून, जाड लाल ओठ व कुरळ्या केसांचा टोप लावून त्याचें सोंग काढूं लागलीं. हें लक्षांत ठेवावें कीं, तें पुस्तक निघालें तेव्हां डच वसाहतींतील गुलामगिरी चालू होती. सुरिनाम व कॅरिबियन बेटांतील गुलाम १ जुलै १८६३ रोजीं मुक्त झाले. त्या गुलामांचे वंशज पुढें नेदरलँड्समध्यें राहूं लागले, आणि दरवर्षीं डिसेंबर जवळ आला कीं त्यांच्या मुलांना शाळेंत, रस्त्यांत ‘पीट’ म्हणून हांका ऐकाव्या लागत.

२०११ च्या नोव्हेंबरांत डॉर्ड्रेख्ट शहरीं संताच्या स्वागताच्या वेळीं क्विन्सी गारियो हा कवि व त्याचा एक सहकारी, काळा पीट म्हणजे वंशद्वेष, अशा अर्थाचें वाक्य छापलेले सदरे घालून उभे राहिले, म्हणून पोलिसांनीं त्यांना पकडलें. तेथून वाद पेटला. २०१३ सालीं पीटच्या समर्थनार्थ इंटरनेटवर फेसबुकावर काढलेल्या पानाला वीस लाखांवर लोकांनीं पसंती दर्शविली. हें सर्व लोक दुष्ट होते असें नव्हे. त्यांतील बहुतेकांना आपलें बालपण आठवत होतें, रात्रीं चुलीपाशीं ठेवलेला बूट आणि सकाळीं त्यांत सांपडलेला खाऊ आठवत होता. आणि कोणीतरी परका येऊन तो खाऊ विषारी होता असें सांगतो आहे, असें त्यांना वाटलें. गोड आठवणीला दोष लागला म्हणजे माणसाला राग येतो, तो त्या दोषापेक्षां त्या आठवणीसाठीं.

वाट निघाली ती मात्र सणाच्या पोटांतूनच निघाली. पीट काळा कां, असें मुलांनीं विचारलें कीं मोठीं माणसें पिढ्यान्पिढ्या सांगत आलीं होतीं: तो धुराड्यांतून उतरतो, त्याची काजळी लागते. ठीक आहे, असें विरोधक म्हणाले. मग काजळीच लावा. धुराड्यांतून उतरणाऱ्याचे केस कुरळे होत नाहींत व ओठ जाड होत नाहींत. त्याच्या गालावर दोन काळे फरांटे उठतात, एवढेंच. २०१९ मध्यें राष्ट्रीय स्वागतसोहळ्यांत केवळ असे काजळीच्या फरांट्यांचे पीट आले. पंतप्रधान मार्क रुट्टे हे पूर्वीं, काळा पीट काळाच असावयाचा, अशा मताचे होते. जून २०२० मध्यें त्यांनीं मत बदलल्याचें कबूल केलें. कारण असें सांगितलें कीं, मध्यंतरीं आपणांस भेटलेल्या लोकांत लहान मुलें होतीं, आणि पीटमुळें आपणांला फार हिणविल्यासारखें वाटतें, असें त्या मुलांनीं सांगितलें. एलायझा डेव्हिसचें पत्र दीडशें वर्षांनीं दुसऱ्या देशांत पुन्हा पोंचलें, असेंच म्हटलें पाहिजे. संत अजूनहि आगबोटीनें येतो. बुटांत खाऊ अजूनहि सांपडतो. मुलांच्या हातचें कांहींच गेलें नाहीं, आणि कांहीं मुलांच्या पाठीवरचें ओझें उतरलें.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो दोन्ही पक्षांना थोडा कडू लागेल. सुधारकांनीं ध्यानीं ठेवावें कीं, न दुखावलेल्या माणसाच्या वतीनें दुखावून घेणें ही करुणा नव्हे. काळ्या मेंढीनें कोणाला लागलें, असें विचारलें तर १९८६ च्या गोंगाटांत एकाहि मुलाचा आवाज ऐकूं येत नाहीं. सगळे आवाज थोरांचे आहेत. गाण्यांतला लांडगा, राक्षस किंवा खाष्ट सासू काढून टाकणाऱ्यांनींहि हाच विचार करावा. भोंडल्याच्या गाण्यांत सासू-सासऱ्यांची जी टर उडविली जाते, ती सासुरवाशिणीचा एकुलता एक सूड होती. ती काढून गाणें सभ्य केलें तर सभ्यता सासूच्या पदरीं पडेल आणि सुनेच्या हातचें हत्यार जाईल. दुबळ्यानें बलिष्ठाची केलेली थट्टा आणि बलिष्ठानें दुबळ्याची केलेली थट्टा एकाच तराजूंत घालतां येत नाहीं. उलट परंपरेच्या अभिमान्यांनीं हें ध्यानीं ठेवावें कीं, ज्या गाण्याला ते सनातन म्हणतात तें बदलत बदलतच त्यांच्यापर्यंत आलेलें आहे. आणि दारांत उभा राहून कोणी ‘हें मला लागतें’ असें म्हणतो, तेव्हां ‘आम्हांला नाहीं लागत’ हें त्याचें उत्तर होत नाहीं.

मराठी घरांनीं हा वाद दूरच्या लोकांची करमणूक म्हणून पाहण्याचें कारण नाहीं. ज्या मुलखानें काळ्या विठ्ठलाला माउली म्हटलें आणि काळ्या लोकरीची घोंगडी अंगावर घेतली, त्याच मुलखांत, घरांत वहिनी यावयाची ती गोरीच हवी, असा लाडका हट्ट सांगणारें बालगीत दोन-तीन पिढ्या गाइलें जात आहे. तें रचणाऱ्याच्या मनांत द्वेष नव्हता, गाणाऱ्याच्या मनांतहि नसतो. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनांत तें गाणें म्हणणाऱ्या पंधरा मुलींत दोन सांवळ्या असतात. त्या इतर मुलींप्रमाणेंच हात हलवितात, इतर मुलींप्रमाणेंच हंसतात. आणि घरीं गेल्यावर त्यांतली एखादी आरशासमोर अंमळ अधिक वेळ उभी राहते. तिची तक्रार कोणत्याहि वर्तमानपत्रांत येणार नाहीं. ती मोर्चा काढणार नाहीं, दावा लावणार नाहीं. ती फार तर एखाद्या रात्रीं आईला विचारील, ‘मी गोरी नाहीं, मग मी कोणाची वहिनी व्हायची नाहीं का?’

अशा वेळीं बंदीचा ठराव करून उपयोग नाहीं. ठरावानें गाणें मरत नाहीं, तें चोरून म्हटलें जातें. जुनें तें सोनें, असें म्हणून मुलीला झोंपविण्यांतहि अर्थ नाहीं. त्या आईपाशीं एक फार जुना अधिकार आहे. कोणा अनाम आयांनीं तोच अधिकार वापरला, आणि दोन पाठांपैकीं ज्यांत पोराला पोतें मिळतें तो पाठ गात राहिल्या. गातां गातां एक शब्द बदलावा, चाल तीच ठेवावी, आणि मुलीकडे पाहून हंसावें. ती ऐकेल, आणि मोठी झाली म्हणजे तोच पाठ पुढें म्हणेल. मूळ शब्द कोणता होता, हें पुढल्या शतकांतील विद्वानांनीं टीपांत शोधावें.